विसरलेला पासवर्ड आणि ‘फॅक्टरी रीसेट’ : दोनशे वर्षांचा इतिहास (थ्रेड)

१/ अनेक महिने कपाटात पडून राहिलेला टॅबलेट चार्जिंगला लावला जातो. पडदा उजळतो, पासवर्ड मागतो आणि तो कोणालाच आठवत नाही. काही प्रयत्न फसले की टॅबलेट थांबायला लावतो. शेवटी एकच मार्ग उरतो : फॅक्टरी रीसेट. टॅबलेट परत मिळतो. त्यातील छायाचित्रे आणि टिपणे मात्र जातात.

२/ ही अट एवढी कठोर का? मालक समोर असताना यंत्र त्याला ओळखत का नाही? कारण कुलपाला विसराळू मालक आणि सराईत चोर यांतील फरक कळत नाही. योग्य किल्ली दोघांच्याही हाती नसते. हा पेच टॅबलेटपेक्षा कितीतरी जुना आहे.

३/ इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत १८१७ साली बनावट किल्ल्यांच्या साहाय्याने चोरी झाली. स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेही उघडणार नाही असे कुलूप बनवणाऱ्यास ब्रिटिश सरकारने १०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. १८१८ साली जेरेमाया चब यांनी तसे कुलूप सिद्ध करून त्याचे पेटंट घेतले.

४/ या ‘डिटेक्टर’ कुलपाची युक्ती अशी : चुकीच्या किल्लीने किंवा हत्याराने आतील एखादी पट्टी वाजवीपेक्षा अधिक उचलली गेली की ती अडकून बसे. मग खऱ्या किल्लीनेही कुलूप उघडत नसे. कोणीतरी कुलपाशी खेळले आहे, हे मालकाला त्यावरून कळे. चुकीच्या प्रयत्नांनंतर गोठणारा टॅबलेटचा पडदा याच कल्पनेचा वंशज म्हणता येईल.

५/ अडकलेले कुलूप पूर्ववत करण्यासाठी ‘रेग्युलेटर’ नावाची वेगळी किल्ली लागे. ‘रीसेट’चा अधिकार नेहमीच्या किल्लीपासून असा निराळा काढण्यात आला होता. पुढे १८२४ साली चार्ल्स चब यांनी सुधारित कुलपाचे पेटंट घेतले आणि या वेगळ्या किल्लीची गरज संपवली. मालकाची सोय वाढली.

६/ १८५१ च्या लंडन महाप्रदर्शनाच्या काळात ए. सी. हॉब्स या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चब यांचे हे नावाजलेले कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले. कुलूप कितीही हुशार असले, तरी त्याची परीक्षा अखेर चोराच्या नजरेने करावी लागते, हा धडा इंग्लंडला मिळाला.

७/ संगणकाच्या जगात पासवर्ड आला तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ‘सीटीएसएस’ ही प्रणाली दाखवली. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, म्हणून प्रत्येकाची फाइल वेगळी राखणे आवश्यक होते. त्यासाठी प्रत्येकाला एक गुप्तशब्द देण्यात आला.

८/ तेव्हा पासवर्ड विसरणे हे संकट नव्हते. सर्व पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असत आणि व्यवस्थापक ती फाइल पाहू शकत असे. यंत्र मालकाला ओळखत नसले, तरी व्यवस्थापक ओळखत होता. विसराळूपणावरचा उपाय माणसाच्या हाती होता.

९/ मात्र जे व्यवस्थापकाला दिसते, ते इतरांनाही दिसू शकते. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेले आठवड्याचे चार तास अपुरे पडू लागले. त्याने छिद्रित कार्डाद्वारे पासवर्डांची फाइल छापून देण्याची सूचना संगणकाला दिली. संगणकाने ती मुकाट्याने छापून दिली!

१०/ १९६६ साली तर कोणी चोर नसतानाही घोटाळा झाला. स्वागतसंदेशाची फाइल आणि पासवर्डांची फाइल यांची अदलाबदल झाली. त्यानंतर प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर स्वागताऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी झळकू लागली.

११/ यावरचा उपाय केंब्रिज विद्यापीठात निघाला. रॉजर नीडहॅम यांनी सुचवले, की पासवर्ड साठवूच नये. त्यावर एक गणिती प्रक्रिया करून केवळ तिचे फलित साठवावे. ही प्रक्रिया एकाच दिशेने चालते : पासवर्डावरून फलित काढता येते, फलितावरून पासवर्ड काढता येत नाही. मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या ग्रंथातून ही कल्पना सर्वदूर पोहोचली.

१२/ दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसेच हे. या बदलाने विसराळू माणसाचे नशीबही पालटले. आता व्यवस्थापकालाही जुना पासवर्ड सांगता येईना. फार तर तो जुना मोडून नवा देऊ शकत होता. ‘पासवर्ड परत मिळवणे’ संपले आणि ‘पासवर्ड रीसेट करणे’ सुरू झाले.

१३/ तरीही मानवी स्वभाव आडवा आलाच. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांपैकी ८६ टक्के एक तर फार आखूड होते, किंवा शब्दकोशांत व नावांच्या याद्यांत सापडणारे. सोपा पासवर्ड चोराला सापडतो आणि अवघड पासवर्ड मालक विसरतो, ही कोंडी आकड्यांत दिसली.

१४/ एप्रिल २०१० मध्ये पहिला आयपॅड बाजारात आला. पाठोपाठ अँड्रॉइड टॅबलेटही आले. शक्तिशाली संगणक आता दिवाणखान्यात, प्रवासात, मुलांच्या हाती होता. पण एमआयटीतील व्यवस्थापक त्याच्यासोबत घरी आला नाही. विसरलेल्या माणसाला ओळखणारे कोणी उरले नाही. त्याची जागा फॅक्टरी रीसेटने घेतली.

१५/ अँड्रॉइड टॅबलेट बंद करून पॉवर आणि आवाजाचे बटण ठरावीक रीतीने दाबून धरले, की रिकव्हरीची यादी उघडते; तेथून सर्व माहिती पुसता येते. आयपॅड संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये नेता येतो. दोन्हीकडे सौदा एकच : पासवर्ड नको, पण त्या बदल्यात आतील सर्वस्व द्यावे लागेल.

१६/ सुरुवातीच्या काळात हा सौदाही पूर्ण पाळला जात नव्हता. केंब्रिजच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी अँड्रॉइड २.३ ते ४.३ चे २१ जुने फोन तपासून २०१५ साली निष्कर्ष मांडले. रीसेटनंतरही संदेश, छायाचित्रे, इतकेच नव्हे तर गूगल खात्यात प्रवेश देणाऱ्या खुणाही परत मिळवता येत होत्या. मालकाच्या दृष्टीने गेलेली माहिती चोराच्या दृष्टीने तेथेच होती.

१७/ ही फट बुजवली ती कूटबद्धतेने. आधुनिक टॅबलेटमध्ये माहिती साठवतानाच कुलूपबंद केली जाते. तिची किल्ली टॅबलेटच्या चिपमध्ये दडलेले गुपित आणि मालकाचा पासवर्ड यांच्या संयोगातून मिळते. रीसेटच्या वेळी प्रत्येक छायाचित्र पुसत बसावे लागत नाही. केवळ किल्ली नष्ट केली जाते. उरते ते निरर्थक आकड्यांचे रान.

१८/ म्हणूनच अशा टॅबलेटची माहिती दुरुस्ती करणारा सहसा परत आणू शकत नाही, आणि निर्माती कंपनीही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या आयओएस ८ नंतर, पासकोडने बंद केलेल्या उपकरणातील माहिती काढून देणे आपल्याला शक्य नाही, असे ॲपलने जाहीर केले. चोराला बाहेर ठेवण्यासाठी कंपनीने स्वतःलाही बाहेर ठेवले होते.

१९/ आता दुसरा प्रश्न पुढे आला. रीसेटने माहिती जाते, पण यंत्र कोरे होऊन विकायला मोकळे होते. चोराला छायाचित्रांशी कर्तव्य नव्हते. त्याला यंत्राची किंमत हवी होती. विसराळूंसाठी ठेवलेले दार चोरांचा राजमार्ग ठरले. अमेरिकेतील शहरांत फोनचोऱ्यांनी सरकारी वकीलही हैराण झाले.

२०/ सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आले, आयपॅडवरही. २०१५ साली अँड्रॉइड ५.१ ने तशीच व्यवस्था आणली. रीसेट झाल्यावरही टॅबलेट आधीच्या खात्याची ओळख मागू लागला. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१४ साली कायदे करून स्मार्टफोनमध्ये चोरीविरोधी सोय बंधनकारक केली; दोन्ही १ जुलै २०१५ पासून लागू झाले.

२१/ रीसेटचा धक्का सरकारी यंत्रणांनाही बसला. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे १४ जणांची हत्या झाली. हल्लेखोराच्या आयफोनचा मालक प्रत्यक्षात तेथील काउंटी प्रशासन होते, पण पासकोड त्याच्याकडे नव्हता. एफबीआयच्या सांगण्यावरून प्रशासनाने त्याच्या आयक्लाउड खात्याचा पासवर्ड रीसेट केला.

२२/ परिणाम उलटा झाला. नवा पासवर्ड फोनला ठाऊक नव्हता. म्हणून फोनने आपोआप आयक्लाउडवर बॅकअप घेण्याची शक्यताच संपली. ही चूक होती, हे एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी पुढे अमेरिकी काँग्रेससमोर मान्य केले. फोनवर कायदेशीर मालकी होती, न्यायालयाचा आदेशही होता; तरी कुलपाच्या दृष्टीने सरकारही परकेच.

२३/ आज टॅबलेटच्या एका कुलपात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. वापरण्याचा हक्क कोणाचा, हे पासवर्ड ठरवतो. यंत्र कोणाचे, हे खाते ठरवते. आणि आठवणी वाचतील का, हे आधी घेतलेला बॅकअप ठरवतो. फॅक्टरी रीसेट केवळ पहिली अडचण दूर करतो. खात्याचा पासवर्डही विसरला असेल, तर कोरा टॅबलेटही दारातच अडतो.

२४/ म्हणून जुना टॅबलेट विकताना किंवा देऊन टाकताना आधी खात्यातून बाहेर पडावे आणि मगच रीसेट करावा. नाहीतर प्रामाणिक ग्राहकाच्या हाती निरुपयोगी पाटी पडते. घेणाऱ्यानेही पैसे देण्यापूर्वी टॅबलेट पहिल्या पडद्यापुढे जातो का, ते पाहावे. बटणे दाबून केलेला रीसेट मालकीचा पुरावा मानला जात नाही.

२५/ संगणकाला पासवर्ड देणाऱ्या कॉर्बाटो यांचे २०१९ साली निधन झाले. अनेक दशकांनंतर त्यांनाही आपले पासवर्ड लक्षात राहत नसत. ते कागदावर टिपून ठेवावे लागतात, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले होते. पासवर्डाच्या जनकालाही विस्मृती चुकली नाही, तेथे कपाटातला टॅबलेट हाती घेऊन बसलेल्यांनी फार ओशाळण्याचे कारण नाही. बॅकअप मात्र आजच घ्यावा.

(समाप्त)