मोहोरबंद नोंदी: अमेरिकेतील एका सवलतीचा इतिहास

अमेरिकेत किरकोळ गुन्हा म्हणजे ढोबळमानाने एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असलेला अपराध. दंड भरला, कैद भोगून झाली, तरी न्यायालयातली त्याची नोंद राहते आणि नोकरी वा भाड्याचे घर मागताना आडवी येते. ती मोहोरबंद केली की नष्ट होत नाही. पोलीस आणि न्यायालये ती पाहू शकतात, बहुतेक मालकांना व घरमालकांना मात्र ती दिसत नाही.

ही कल्पना आधी मुलांसाठी पुढे आली. 1899 मध्ये शिकागोत बालन्यायालय सुरू झाले आणि मुलांच्या खटल्यांबाबत गोपनीयतेचा आग्रह हळूहळू रुजला. 1950 च्या संघीय कायद्याने तरुण गुन्हेगारांची दोषसिद्धी रद्द ठरवण्याची सोय केली, तर 1962 च्या नमुना दंडसंहितेने ती प्रौढांसाठीही सुचवली. सुधारलेल्या माणसाला न्यायाधीशाने बक्षीस द्यावे, असा या सगळ्यामागचा भाव होता. मागेल त्याने अर्ज करायचा, पात्रता सिद्ध करायची.

तोवर जुन्या नोंदी स्थानिक न्यायालयांच्या दप्तरात धूळ खात पडत आणि शोधायला कोणी सहसा जात नसे; विस्मृतीची निम्मी सोय कागदानेच केली होती. संगणकाने ती काढून घेतली. 1967 मध्ये एफबीआयचे राष्ट्रीय माहिती केंद्र सुरू झाले. पुढे खासगी कंपन्या न्यायालयीन नोंदी गोळा करून विकू लागल्या. न्यूयॉर्कने 1976 मध्ये निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी बंद केल्या. दोषी ठरलेल्या प्रौढांना तिथे व्यापक स्वरूपाचा अर्ज करता आला तो थेट 2017 मध्ये, तोही दहा वर्षे थांबल्यावर.

अर्जाची वाट किती अरुंद होती, हे मिशिगनमधील एका अभ्यासाने दाखवले. प्रेस्कॉट आणि स्टार या संशोधकांना आढळले की पात्र ठरलेल्यांपैकी जेमतेम 6.5 टक्के लोकांनी पाच वर्षांत नोंद मोहोरबंद करून घेतली होती. शुल्क, बोटांचे ठसे, वकील, सुनावणी यांतच बहुतेक जण अडकत, आणि अनेकांना असा कायदा आहे हेच माहीत नसे. ज्याला सवलतीची गरज जास्त, त्याच्याच हाती ती कमी लागे.

पेनसिल्व्हेनियाने 2018 मध्ये अर्जच वगळला. ठरावीक किरकोळ गुन्ह्यांनंतर दहा वर्षे पुन्हा दोषी न ठरलेल्यांच्या नोंदी संगणकाने आपोआप मोहोरबंद कराव्यात, असा कायदा करणारे ते पहिले राज्य. काम 2019 मध्ये सुरू झाले. 2023 च्या दुरुस्तीने मुदत सात वर्षांवर आली. यूटा, मिशिगन आणि इतर राज्ये त्याच वाटेने गेली. न्यूयॉर्कचा 2023 चा कायदा नोव्हेंबर 2024 मध्ये लागू झाला. त्यात किरकोळ गुन्ह्यांसाठी तीन वर्षांची मुदत आहे.

हे सारे राज्यांपुरते आहे. संघीय गुन्ह्यांसाठी अशी सर्वसाधारण तरतूद नाही. स्थलांतर कायदाही राज्याची मोहोर सहसा मानत नाही. त्यामुळे ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्याला बंद झालेली दोषसिद्धीही अर्जात सांगावी लागते.