रुखवत, छायाचित्र आणि सही

लग्न ठरले की आपल्याकडे प्रथम होतात त्या ‘याद्या’. मानपान, देणेघेणे, जानोसा, वाजंत्री, पंगती, कोणी काय करायचे आणि खर्च कोणी उचलायचा, हे सारे दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कागदावर मांडतात आणि खाली सह्या करतात. आजच्या भाषेत ज्याला विवाहनियोजन म्हणतात त्याचा हा आपल्याकडचा जुना दस्तऐवज. यादीतील बरीचशी कामे बायकांच्या हातून व्हायची असत. सह्या मात्र पुरुषांच्या.

एकूण लग्नात नावाचा महिमा मोठा. पत्रिकेवर निमंत्रकांची नावे उतरंडीने येतात. मंगलाष्टके रचणारा घरातला एखादा मास्तर छापील कागदाच्या तळाशी स्वतःचे नाव न चुकता घालतो. (शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांत आत्या-मामांची नावे कोंबताना बाराव्या अक्षरावरची यती कोठे मोडली हे पाहणे, हा मराठीच्या अध्यापकांचा मांडवातील निरुपद्रवी विरंगुळा होय.) वधूचे नवे नाव तांदळावर लिहिले जाते. या साऱ्या नामगजरात एका वस्तूवर कर्त्याचे नाव नसते, ती म्हणजे रुखवत.

रुखवत म्हणजे मुळात वधूपक्षाकडून वरपक्षाकडे जाणारे खाद्यपदार्थ. लाडू, करंज्या, पापड, कुरडया, शेवया असा तो शिधा. पुढे त्यात खाण्यापेक्षा पाहण्याचा भाग वाढत गेला. मण्यांची तोरणे आली, दसुतीवर भरलेले रुमाल आले, लोकरीचे पक्षी आले; सुपाऱ्यांना शालू-फेटे चढवून त्यांचे वधूवर झाले, डाळी-तांदळाचे दाणे चिकटवून तुळशीवृंदावने उभी राहिली. या कारागिरीची सामग्री पाहावी: उरलेली लोकर, रिकाम्या डब्या, शिवणातल्या चिंध्या. आणि तिचा वेळ पाहावा: दुपारची झाकपाक झाल्यावरचा. आठवड्यांमागून आठवडे आई, मावशी, शेजारीण आणि स्वतः वधू त्यावर खपत. ते करण्यात कष्ट होते तसा निखळ आनंदही होता, असे आम्हांला वाटते. रंगसंगतीवरून वाद घालण्याची आणि एखादी चीज केवळ सुंदर दिसते म्हणून करण्याची मुभा त्या घरांत बाईला फारशी अन्यत्र नव्हती. वरपक्षाला चिमटे काढणारी गाणी रुखवतावर म्हटली जात, तीही त्याच मुभेतली. ‘हे हुंड्याचेच सजवलेले रूप’ असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण तेवढ्यावर थांबले तर त्या रुमालावरचा टाका आपल्या नजरेतून निसटतो.

छायाचित्राचे भाग्य नेमके उलटे. १८३९मध्ये पॅरिसमध्ये दागेरोटाइपची घोषणा झाली. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. पण लग्नघटिका टिपणे या नव्या कलेला दीर्घकाळ अवघडच होते. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, माळा पडतात. सारा खेळ काही क्षणांचा. तशात मुहूर्त गोरज असला तर उजेड मावळतीचा. संथ काचपट्टीला यांतले काही मानवणारे नव्हते. १८८७च्या सुमारास मॅग्नेशियमची झगमगाटी पूड निघाली खरी, पण तिचा भडका आणि धूर कापडी मांडवात कोणाला हवा होता? म्हणून जोडप्याने नंतर सावकाश चित्रशाळेत जावे आणि रंगवलेल्या पडद्यापुढे श्वास रोखून बसावे, ही सोय झाली. जुन्या जोडछायाचित्रांतील ते ताठ, न हसणारे चेहरे पाहून आपण त्या संसारांविषयी भलतेच तर्क करतो. त्या ताठपणात रूढीइतकाच वाटा भिंगाचाही होता. आणि अशा छायाचित्राच्या पुठ्ठ्यावर, खालच्या बाजूस, चित्रशाळेचे नाव छापलेले किंवा उठावाने उमटवलेले असे. अर्ध्या तासाच्या कामाला सही मिळाली.

पुढे कॅमेरा मांडवात आला, काळ्या पानांचे आणि झिरझिरीत कागदांचे आल्बम आले, आणि त्यांत रुखवताच्या टेबलाचेही एखादे छायाचित्र दिसू लागले. पण टेबलामागे उभी असतात ती बहुधा नवी जोडी किंवा मानाची पाहुणी. दाणे चिकटवणारे हात त्या वेळी स्वयंपाकघरात असतात.

उखाण्याची गोष्ट याहून चमत्कारिक. बाई यमक जुळवते, सभेसमोर म्हणते, दाद घेते. पण त्या रचनेचा कळसच मुळी नवऱ्याचे नाव. उखाण्यांच्या पुस्तकांवरही नाव असते ते संकलकाचे. वाङ्मयेतिहासात मग तिला शोधायचे कोठे? जोतीराव फुले यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. १८७३मध्ये सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत भटजी नव्हे, वधूवरच बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते. लग्नमंडपात वधूच्या तोंडी मागणीची भाषा आली ही लहान घटना नव्हे. शब्द अर्थात जोतीरावांचे होते. स्वतःच्या लग्नाविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या. त्यांतील लक्ष्मीबाई टिळकांनी आत्मकथनाला ‘स्मृतिचित्रे’ असे नाव द्यावे, हे आम्हांला या संदर्भात पुनःपुन्हा आठवते.

आता शहरांतून तयार रुखवत विकत मिळते, भाड्यानेही मिळते. स्नेही प्राध्यापकांच्या बैठकीत यावर हळहळ व्यक्त होते: हौस गेली, बाजार आला. आम्हांला ती हळहळ पुरती पटत नाही. हा व्यवसाय करणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत. सुपारीला शालू त्या आजही तितक्याच निगुतीने नेसवतात, आणि मजुरीच्या पावतीवर, दूरध्वनी क्रमांकाच्या वर, त्यांचे नाव छापलेले असते.