खाण्याच्या सोड्याचं कूळ

फ्रिजमध्ये वाटीभर सोडा ठेवा, वास जातो. ओटा सोड्याने घासा, चिकटपणा जातो. छोले भिजवताना चिमूटभर टाका, लवकर शिजतात. असे उपाय हल्ली सरसकट ‘आजीच्या बटव्यातले’ म्हणून सांगितले जातात. आजीकडे खार होता हे खरं; सोड्याची ही पांढरीशुभ्र पूड मात्र कारखान्यातून आली, आणि तिचे काही उपाय तर थेट जाहिरातीतून.

आधी खाराचं बघू. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारट तर आहेच, पण सोड्याच्या क्षारांनी भरलेलंही आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर खार बसे आणि लोक तो काढत. त्याच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. दुसरा खार झाडांचा. खारवट जमिनीतली झुडपं जाळायची आणि राखेतून सज्जीखार काढायचा. उडदाच्या पापडाला लागणारा पापडखार याच घराण्यातला. खाराने हळद लाल होते, म्हणून हळदीचं कुंकू करता येतं. खमणात सोडा नीट कालवला नाही तर लाल ठिपके उठतात, तोही हाच प्रकार.

हे खार मुख्यतः कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्याचे भाऊबंद. त्यात आणखी कर्बवायू मुरवला की सौम्य बायकार्बोनेट होतं, तोच आपला खाण्याचा सोडा. बर्लिनचे औषधनिर्माते व्हॅलेंटिन रोझ यांनी १८०१ मध्ये तो वेगळा ओळखला. पण तो स्वस्त व्हायला सोडाच स्वस्त व्हायला हवा होता. निकोला लब्लाँ यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याचं पेटंट घेतलं. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांचा कारखाना जप्त झाला आणि १८०६ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पद्धतीत आम्लाचा धूर इतका सुटे की इंग्लंडला १८६३ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ मध्ये मिठाचं पाणी, अमोनिया आणि कर्बवायू यांची नवी रीत काढली. गंमत अशी, की या रीतीत आधी तयार होतं ते बायकार्बोनेटच. ते भाजून धुण्याचा सोडा करतात आणि खाण्यासाठी शुद्ध माल हवा असेल तर त्यातच पुन्हा कर्बवायू सोडतात. आपल्याकडे टाटांनी १९३९ मध्ये सौराष्ट्रातल्या मिठापूरला कंपनी काढली, तीही सोड्यासाठीच.

सोडा घराघरांत पोचवला तो अमेरिकेत, जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च या दोघांनी. १८४६ मध्ये ड्वाइट यांच्या स्वयंपाकघरात ते सोडा शुद्ध करून हाताने कागदी पिशव्यांत भरत. खमीर फुगायची वाट कोण बघणार? आंबट ताकात सोडा टाकला की कर्बवायू लगेच सुटतो आणि पीठ हलकं होतं. पुढे विसाव्या शतकात घरी भाजणं कमी झालं, तयार पिठं आली, सोड्याचा खप घसरू लागला. तेव्हा १९७२ मध्ये त्यांच्या कंपनीने जाहिरात केली: सोड्याचा खोका उघडून फ्रिजमध्ये ठेवा. एक चमचा वापरायचा तिथे अख्खा खोका खपला!

उपाय अगदीच खोटा नाही. आंबूस वासाची आम्लं सोडा शोषतो. पण खोक्याच्या तोंडापाशीच हवा लागते, म्हणून पसरट ताटलीत ठेवलेला बरा. छोल्यांचंही खरं आहे. सोड्यामुळे दाण्यांमधलं पेक्टिन सैल होतं. सोबत ब१ जीवनसत्त्वही जातं, म्हणून हात आखडता ठेवावा. ओट्यावर तो कामी येतो कारण त्याचे कण घासतात, पण चरे पाडण्याइतके कठीण नसतात. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर मूठभर सोडा उधळावा, पाणी मुळीच नाही; तापल्यावर त्यातून कर्बवायू निघतो.

मोरीत सोडा ओतून वर व्हिनेगर टाकण्याचा उपाय मात्र मला पटत नाही. फेस जोरात येतो खरा, पण दोघं एकमेकांना मारून उरतं ते बहुतेक खारं पाणीच. तुंबलेली मोरी त्याने मोकळी होत नाही. त्यापेक्षा रबरी पंप बरा.