पगार किती, हे आधी सांगायला काय हरकत आहे?

मागच्या आठवड्यात आपल्या पेजसाठी एक जाहिरात आली. ज्युनिअर सॉफ्टवेअर टेस्टर पाहिजेत, फ्रेशर चालतील, ठिकाण पुणे, पगार कंपनीच्या नियमानुसार. मी फोन लावला, म्हटलं आकडा किती टाकू? उत्तर आलं, "आकडा नको, पोरं इंटरव्ह्यूला येऊ द्या, मग बघू."

खरं सांगायचं तर अशा जाहिराती मी कित्येक वर्षं छापत आलोय. "आकर्षक पगार" हे दोन शब्द तर माझ्या हातून किती वेळा गेले असतील, मोजदाद नाही. या वेळी मात्र हात अडला. म्हणून जरा मागं जाऊन बघितलं.

पगार झाकून ठेवायची ही रीत आयटीवाल्यांनी काढलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होती. तिथं माणूस कामावर घ्यायचा तो जॉबर, म्हणजे मुकादम. काम कुणाला, बदलीवर कोण, हे तोच ठरवायचा आणि त्यासाठी दस्तुरी घ्यायचा. एकाच कामाचा दर या गिरणीत एक आणि शेजारच्या गिरणीत दुसरा. घाटावरून, कोकणातून आलेल्या माणसाला दोन्ही दर माहीत असायचं कारणच नव्हतं. ज्याला दर माहीत, त्याच्या हातात सत्ता. साधं गणित होतं.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी आपल्याला आठवते, पण त्यात आणखी एक मागणी होती : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. म्हणजे केलेल्या कामाचे पैसे कधी मिळणार, याचीसुद्धा खात्री नव्हती. ती कायद्यानं मिळायला १९३६ चा वेतन प्रदान कायदा यावा लागला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर ७ तारखेच्या आत, जास्त असतील तर १० तारखेच्या आत. मधे ५२ वर्षं गेली.

दराचं भांडण वेगळं चाललं. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात सगळ्या गिरण्यांत एका कामाला एक दर, हा मोठा मुद्दा होता. तो सुटता सुटता १९४७ उजाडलं. औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यानं मुंबईच्या गिरण्यांत किमान मूळ पगार २६ दिवसांना ३० रुपये ठरला आणि कामावार दर कागदावर आले. आकडा फार मोठा नव्हता, पण तो सगळ्यांना दिसत होता. कामगार बोट ठेवून म्हणू शकत होता, माझा दर हा.

पुढं १९५९ साली सेवायोजन कार्यालयाचा कायदा आला. २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेनंही रिकाम्या जागा कळवायच्या, आणि कळवताना पगार-भत्तेही लिहायचे. माणूस तिथूनच घ्या अशी सक्ती नव्हती. आपल्यातल्या कित्येकांच्या वडिलांनी तिथं नाव नोंदवून कार्ड जपून ठेवलं होतं. ज्या काळात आयटी वाढली, त्या काळात ही कार्यालयं ओस पडत गेली.

आता बघा, तलाठ्याचा पगार बार्शीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. एस-८, २५,५०० ते ८१,१००, तोंडपाठ सांगतील, कारण तो जाहिरातीत छापलेला असतो. टेस्टरचा पगार त्याच टपरीवर कुणालाच माहीत नाही. पोरगं मात्र क्लासची फी भरून, पुण्यात कॉट बेसिसवर राहून तीन-तीन महिने टेस्टिंग शिकतंय. ती फी फिटणार का, हे त्यानं कशाच्या जोरावर ठरवायचं?

आकडा सांगितला तरी तो सीटीसी असतो. त्यात कंपनीनं भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, कामगिरीवर मिळेल न मिळेल असा भाग, सगळं मिसळलेलं. घरभाडं मात्र हातात येणाऱ्या पैशातून द्यायचं असतं. पुढच्या नोकरीत पहिला प्रश्न, "सध्याचा पगार किती?" म्हणजे पहिल्यांदा कमी मिळाला की तो कमीपणा पोरगं पाठीवर घेऊन फिरतं. त्यांनी आपला आकडा विचारायचा, आपण त्यांचा विचारला की उद्धट!

दुसरीकडं हे मोडतंय. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत पगार लिहावा लागतो. सुरुवातीला काही कंपन्यांनी "कोलोरॅडोवाल्यांनी अर्ज करू नये" अशा जाहिराती दिल्या. तरी पुढच्या दोन वर्षांत न्यूयॉर्क शहर आणि कॅलिफोर्निया त्याच वाटेनं गेले. युरोपीय संघानं २०२३ मध्ये निर्देश काढला : मुलाखतीच्या आधी पगार सांगा, आणि जुना पगार विचारू नका. आपल्याकडं खाजगी जाहिरातीत पगार लिहाच, असा कायदा नाही.

कंपनीवाल्यांची बाजूही ऐकली. आकडा छापला तर जुनी माणसं कुरकुर करतात, म्हणतात. बरोबर आहे, करतील. पण कुरकुर आकड्यामुळं नसते हो, तफावतीमुळं असते. आकडा झाकला म्हणून तफावत जात नाही.

तर आपल्यापुरतं ठरवलंय. यापुढं या पेजवर नोकरीची जाहिरात येईल ती आकड्यासकट. किमान किती, कमाल किती, हातात किती, बाँड आहे का. नसेल तर जाहिरात नाही, पैसे परत. चार जाहिराती जातील माझ्या, जाऊ देत.

आणि जी पोरं-पोरी पुण्यात टेस्टिंगला लागली आहेत त्यांना विनंती. कंपनीचं नाव नको, तुमचं नाव नको. पहिल्या महिन्यात हातात किती आले, एवढंच इनबॉक्समध्ये कळवा. नावं न घेता आकडे इथं मांडतो. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला टपरीवर तेवढं तरी कळेल.