टिकाऊ घड्याळ कोणतें?

घड्याळांचा लहानसा संग्रह करणाऱ्या गृहस्थास एक प्रश्न केव्हां ना केव्हां तरी पडतोच. वडिलार्जित खिशांतलें घड्याळ कपाटांत असतें; लग्नांत मिळालेलें पातळ सोनेरी घड्याळ समारंभापुरतें बाहेर येतें; परंतु जें रोज मनगटावर बांधावें, पावसांत भिजलें किंवा दाराच्या कडीवर आपटलें तरी ज्याची चिंता वाहावी लागूं नये, असें एक घड्याळ संग्रहांत नसतें. तें घेण्यास बाजारांत जावें, तों प्रत्येक घड्याळ टिकाऊ म्हणूनच पुढें मांडलें जातें. पण टिकाऊ म्हणजे कशापुढें टिकणारें? पाण्यापुढें, धक्क्यापुढें, कीं काळापुढें? या तिन्ही गोष्टी एक नव्हेत, आणि त्या एकाच वेळीं साधल्याही गेल्या नाहींत. मनगटी घड्याळास एकेका शत्रूशीं स्वतंत्र झगडा करावा लागला. तो इतिहास ध्यानांत घेतला तर निवड पुष्कळ सुकर होते, असें आम्हांस वाटतें.

जुन्या घड्याळास खिसा हेंच कवच होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मनगटावरचें घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. पुरुषांनीं तें वापरणें हास्यास्पद ठरे. ही समजूत मोडली ती रणांगणावर. १८९९ ते १९०२ पर्यंत चाललेल्या बोअर युद्धांत ब्रिटिश अधिकारी आपलीं खिशांतलीं घड्याळें चामड्याच्या वाटींत बसवून मनगटास बांधूं लागले. कारण एका हातांत लगाम व दुसऱ्यांत हत्यार असतां खिसा चांचपण्यास सवड नसे. १९१४ च्या महायुद्धांत तोफांचा मारा व पायदळाची चढाई मिनिटांच्या हिशेबानें जुळवावी लागे, म्हणून मनगटी घड्याळ सैनिकाच्या गरजेचें झालें. परंतु खिसा सुटला तसें कवचही सुटलें, आणि धूळ, पाणी व धक्का हीं तिन्ही एकदम घड्याळावर येऊन पडलीं.

पाण्याचा बंदोबस्त प्रथम चांगला झाला. रोलेक्स कंपनीनें १९२६ सालीं ‘ऑयस्टर’ नांवाचें घड्याळ काढलें. त्याचें मागचें झांकण, कांचेचें कडें व चावी हीं तिन्ही मळसूत्रानें घट्ट आवळलीं जात. १९२७ च्या ऑक्टोबरांत मर्सिडीझ ग्लाइट्झ नांवाची इंग्रज तरुणी हें घड्याळ घेऊन इंग्लिश खाडींत उतरली. या घड्याळानें खाडी ओलांडली असें पुष्कळदां सांगण्यांत येतें, पण तें खरें नव्हे. तिनें खाडी यशस्वी रीतीनें ओलांडली ती त्याच महिन्यांत आधीं. त्या यशाविषयीं शंका घेण्यांत आल्यामुळें ती पुन्हां पोहावयास निघाली, आणि या दुसऱ्या खेपेस थंडीमुळें तिला वाटेंतूनच परतावें लागलें. घड्याळ होतें तें या दुसऱ्या खेपेस, व तेंही मनगटावर नव्हे, तर गळ्यांत. तथापि कित्येक तास गार पाण्यांत राहूनही तें चालू राहिलें हें निर्विवाद आहे, आणि कंपनीनें वर्तमानपत्राचें पानभर जाहिरात देऊन तें जगास कळविलें.

धक्क्याचा प्रश्न अधिक अवघड होता. घड्याळांतील बॅलन्सचें चक्र सामान्यतः तासास १८,००० वेळां, म्हणजे दिवसांतून ४,३२,००० वेळां हेलकावतें. त्याच्या आंसाचीं टोकें मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढीं बारीक असतात, व घड्याळ पडलें कीं प्रथम तींच मोडतात. ब्रेगे या थोर कारागिरानें १७९० च्या सुमारासच या टोकांखालीं लवचिक स्प्रिंग बसविण्याची युक्ति काढली होती. परंतु ती सामान्यांच्या घड्याळांत पोंचण्यास जवळ जवळ दीडशें वर्षें लागलीं. १९३० नंतरच्या दशकांत निघालेल्या ‘इन्काब्लॉक’ योजनेंत टोकाचा आधारखडा उतरत्या बैठकींत ठेवलेला असतो. धक्का बसला कीं खडा किंचित् सरकतो, आंसाचा जाड भाग आघात सोसतो, आणि वरची स्प्रिंग खड्याला पुन्हां जागेवर आणते.

या प्रकरणांत आपल्या देशाचाही संबंध येतो. पोलो खेळतांना घड्याळाची कांच फुटते ही हिंदुस्थानांतील ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार ऐकून १९३१ सालीं ‘रिव्हर्सो’ हें घड्याळ निघालें. त्याची पेटी चौकटींत उलटी फिरवितां येते व कांच आंत लपते. मुंबईंत १८८० नंतर सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीच्या एका नामांकित घड्याळाचें नांव ‘सोवर’ होतें. आपला ‘स्वार’ तो हाच. घोड्यावर बसणाऱ्याच्या हातावर जें चालेल तें कोठेंही चालेल, हा आशय त्या नांवांतच आहे.

या सर्व खटपटींचें फळ दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटीं दिसलें. ब्रिटिश सरकारनें सैन्यासाठीं एक नमुना ठरवून दिला: काळी तबकडी, अंधारांत चमकणारे कांटे व आंकडे, सेकंदाचा निराळा लहान कांटा, १५ ज्युवेल, न फुटणारी कांच, पाणी न शिरणारी पेटी. ओमेगा, लाँजिन्स, सीमा, बुरेन, व्हर्टेक्स इत्यादि बारा कंपन्यांनीं या नमुन्याबरहुकूम १९४५ सालीं घड्याळें पुरविलीं. आज संग्राहक त्यांवर जीव टाकतात, आणि कित्येकांस असेंही वाटतें कीं रोजच्या वापरास याहून योग्य घड्याळ तें कोणतें?

येथेंच थांबून विचार करावयास हवा. ज्या रंगामुळें तीं तबकडी चमके त्यांत रेडियम होतें. रंगाची चमक केव्हांच गेली; पण रेडियमचें तेज अर्धें होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात, म्हणून तो धोका तबकडींत आजही आहे. अशीं घड्याळें घरीं उघडणें योग्य नव्हे. शिवाय ऐंशी वर्षांच्या पेटीवर पाण्याविषयीं भरंवसा ठेवणें म्हणजे जुन्या छत्रीवर आषाढांत विसंबणें होय. एके काळचें अत्यंत कणखर घड्याळ आज नाजूक झालें आहे. संग्रहांत त्याचा मान मोठा. पण मनगटावर रोज बांधण्याचें तें घड्याळ नव्हे.

केवळ न मोडणें हीच कसोटी धरली तर निकाल केव्हांच लागला आहे. जपानांत कॅसिओ कंपनींतील किकुओ इबे यांनीं दोनशेंहून अधिक नमुने खिडकींतून खालीं टाकून पाहिले व १९८३ सालीं ‘जी-शॉक’ बाजारांत आलें. विजेरीवर चालणाऱ्या त्या घड्याळाशीं चक्रांचें कोणतेंही घड्याळ बरोबरी करूं शकणार नाहीं. कामकऱ्यास, गिर्यारोहकास तेंच उत्तम. पण त्यांतील यंत्र बिघडलें म्हणजे तें बहुधा दुरुस्त होत नाहीं, बदललें जातें. उलट बाजू पाहावयाची तर आपलें एच.एम.टी. पाहावें. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें बंगळूर येथें १९६१ सालीं हा उद्योग सुरू झाला. त्याचें ‘जनता’ हें १७ ज्युवेलचें, रोज चावी द्यावयाचें साधें घड्याळ लक्षावधि मनगटांवर गेलें. एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ सालीं घेतला. तरी तीं घड्याळें चालूच आहेत. याचें कारण त्यांचें पोलाद विशेष होतें असें नव्हे. त्यांचे सुटे भाग मिळतात, आणि तें यंत्र हातास परिचित असलेला कारागीर गांवोगांव बसलेला आहे.

आमच्या मतें काळापुढें टिकणें म्हणतात तें हेंच. म्हणून संग्रहाला पूर्णता आणणारें रोजचें घड्याळ निवडतांना तबकडीवर ‘३० मीटर’ वाचून पोहण्यास उतरूं नये. त्याचा अर्थ शिंतोड्यांपुरती हमी इतकाच असतो. १०० मीटर व मळसूत्राची चावी असलेलें घ्यावें. धक्क्याची हमी विचारावी. आंतरराष्ट्रीय प्रमाण एक मीटर उंचीवरून कठीण लाकडावर पडण्याचें आहे. आंकडे चष्म्यावांचून दिसावे, पट्टा घरीं बदलतां यावा. आणि सर्वांत शेवटीं, परंतु सर्वांत अगत्याचें म्हणजे, तें घड्याळ दुकानदारास नव्हे, आपल्या पेठेंतील दुरुस्ती करणाऱ्यास आधीं दाखवावें व हें यंत्र तुम्ही उघडतां का, असें विचारावें. त्याची खुर्ची रिकामी होत चालली आहे. पुष्कळांच्या मुलांनीं तो धंदा सोडला. कोपऱ्यावरचें तें भिंग व तो दिवा मालवला तर आपल्या संग्रहांतील एकही घड्याळ, मग तें कोणत्याही युद्धांतून आलेलें असो, टिकाऊ राहणार नाहीं. तेव्हां तीन-चार वर्षांनीं एकदां घड्याळ साफ करून घेण्याचे पैसे हेही त्याच्या किंमतींतच धरावे.