पाचवीच्या आधीचं तिकीट

एसटीच्या सवलतींची यादी वाचणं हा काही वीकेंडचा उद्योग नव्हे, मान्य! पण कोड वाचून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ती यादी एखाद्या जुन्या प्रोग्रॅमसारखी दिसते. वेळोवेळी कुणीतरी त्यात एकेक कंडिशन वाढवलेली. आज त्यात एक लहान पोर टाकून बघूया.

समजा, वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, रिठदच्या आसपास एखाद्या वस्तीवर ते राहतं. वय सात, इयत्ता दुसरी, शाळा तीन-चार किलोमीटरवर. त्याला एसटीने फुकट जाता येईल का?

पाच वर्षांच्या आत तिकीट नाही. म्हणजे शाळेचं वय होत नाही तोवर प्रवास फुकट! पुढे बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. विद्यार्थी पास काढला तर 66.67 टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे. शाळेसाठी पूर्ण मोफत पास मिळतो तो अहिल्याबाई होळकर योजनेत. पण तो ग्रामीण भागातल्या मुलींना, आणि तोही पाचवीपासून. आधी दहावीपर्यंत होता, मग बारावीपर्यंत झाला. आपलं पोर मुलगा असो की मुलगी, दुसरीत आहे म्हणून बाहेर.

असं का? थोडं मागे जाऊ. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली. आज आपण ओळखतो ते महामंडळ 1961 चं. 1950 चा कायदा महामंडळांना सांगतो की कारभार व्यवसायाच्या तत्त्वांवर करा. त्यामुळे सवलतीचे पैसे सरकारने भरून द्यायचे, आणि प्रत्येक सवलत हा वेगळा निर्णय. पाचवीच्या अटीमागचं लॉजिक त्या काळी बरोबरच होतं. जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत चौथीपर्यंत. पुढच्या शाळेसाठी गाव ओलांडावं लागे, आणि तिथेच मुलींची शाळा सुटे. धाकट्यांची शाळा गावातच आहे, हे गृहीत होतं.

हेच गृहीतक आता डळमळलंय. 2017 च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून जास्त शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरलं. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा'चे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात 15 हजारांच्या आसपास होत्या. विरोध झाला, तो रास्तच होता. शाळा लांब गेली की प्रवास सहा-सात वर्षांच्या पोराच्या वाट्याला येतो.

गंमत म्हणजे योग्य कंडिशन आपल्याकडे लिहिलेली आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, आणि लहान वस्त्यांना ती देता येत नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय सरकारने करायची. इथे मोजमाप अंतराचं आहे, इयत्ता किंवा मुलगा-मुलगी नाही. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या, त्यावरच्या अभ्यासातही फायदा मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांतच दिसला.

पण नुसता पास देऊन भागत नाही. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला. कोविडनंतर शाळा नुकत्या उघडत होत्या. गाडीच नाही तर मोफत पासाचं काय करायचं? 2011 पासून मानव विकास कार्यक्रमात मुलींच्या शाळेसाठी खास गाड्या सोडल्या गेल्या, तो विचार म्हणूनच मला जास्त पटतो. शिवाय दुसरीतलं पोर फाट्यावर एकटं कसं उभं राहील? आई सोबत गेली तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. ते पैसे कुठल्याच सवलतीत धरलेले नाहीत.

माझ्या मते दुरुस्ती एका ओळीची आहे. शाळा एक किलोमीटरपलीकडे असेल तर पहिलीपासून प्रवास मोफत, मुलगा असो की मुलगी. आणि शाळा हलवण्याच्या आदेशातच गाडीची वेळ आणि सोबतीला कोण, हे लिहिलेलं असावं. ते लिहिता येत नसेल तर शाळा हलवू नये. तुम्हाला काय वाटतं?