पाहुणे बोलवूया, पण दाखवूया काय?

मंडळी, जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून 'मालवणात आंतरराष्ट्रीय महोत्सव होऊक व्हयो' हे वाक्य माझ्या कानावर वरचेवर पडतं. होऊ दे की! पण त्याआधी एक जुनी गोष्ट आठवूया.

२४ जानेवारी १९५२. प्रजासत्ताक होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, लोक रेशनच्या रांगेत उभे. अशा वेळी मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. आयोजन फिल्म्स डिव्हिजनचं, पाठबळ नेहरूंचं. २३ देश आले. स्पर्धा नव्हती. चित्रपट आणा, दाखवा, आमचेही बघा, एवढंच. नंतर ते चित्रपट मद्रास, दिल्ली, कलकत्त्यालाही फिरले.

त्यात इटलीचा 'बायसिकल थीव्ज' होता. चोरीला गेलेल्या सायकलीपायी वणवण फिरणारा एक गरीब बाप, बस्स. बिमल रॉयनी तो पाहिला आणि १९५३ मध्ये 'दो बिघा जमीन' आला. पुढच्याच वर्षी कान महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. म्हणजे पाहुण्याने आणलेलं बघून आपण आपलं केलं, आणि ते पाहुण्यांच्या अंगणात नेऊन दाखवलं. आमंत्रणाचा उपयोग तो हा. नुसते झेंडे लावून फोटो काढायला देश कशाला बोलवायचे?

तोच महोत्सव २००४ पासून गोव्यात आहे. बांद्याची हद्द ओलांडली की तासाभरात पणजी! आपण तिथे प्रेक्षक म्हणून जातो, तेही थोडेच.

मग आपण काय मांडायचं? माझं उत्तर कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी तिथे आहे. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायच्या. चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्याही आहेत. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याच्या जागी या कलेचं संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या दिवशी आपल्यातल्या कितीजणांनी पिंगुळी खंय म्हणून विचारलं, ते मी लिहीत नाही.

आता जगाकडे बघा. इंडोनेशियाचं वायांग, तुर्कस्तानचं कारागोझ, कंबोडियाचं स्बेक थॉम, चीनचा सावल्यांचा खेळ. चारही युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत. वायांगमध्ये तर रामायण-महाभारतच चालतं. जावामध्ये चित्रांची गुंडाळी उलगडत कथा सांगण्याची 'वायांग बेबेर' परंपरा आहे, ती आमच्या चित्रकथीची चुलत बहीणच म्हणा!

इंडोनेशिया आणि तुर्कस्तानची वाणिज्य दूतावास कार्यालयं मुंबईतच आहेत. कलावंतांची ने-आण करणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून काम करते. जिल्ह्याने पत्र लिहायला मुहूर्त लागत नाही. तीन रात्री, एक पडदा, एक दिवा, आणि त्याच पडद्यावर आधी जावाचा राम, मग पिंगुळीचा.

परवा हे सगळं एका मालवणी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "बोलवा खुशाल. पण आमच्या पोरांका पयल्यांदा पिंगुळीक न्या."